तांब्याचा रंग आणि माणसाचा स्वभाव

मराठीत 'रंग बदलणे' हा शब्दप्रयोग बहुधा दोष दाखविण्यासाठीच होतो. दिलेला शब्द फिरविणाऱ्यास किंवा दिवस पालटताच मित्रांस विसरणाऱ्यास आपण सरड्याची उपमा देतो. आणि पुष्कळ वर्षे सज्जन म्हणून वावरलेल्या माणसाचा एखादा अपराध उघडकीस आला, की 'अखेर त्याने आपला रंग दाखविलाच' असे म्हणून मोकळे होतो. या बोलण्यामागे एक गृहीत आहे. प्रत्येक माणसाचा एकच एक खरा रंग असतो, तो आत कोठेतरी दडलेला असतो, आणि बाकीचे सारे रंग ही वेषांतरे होत, असे ते गृहीत. परंतु तेच आपण मुलाला शाळेत घालताना त्याला सोबत कोणाची मिळेल याची चौकशी करतो, कीर्तनात सत्संगाचे माहात्म्य ऐकतो, आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हणही तितक्याच खात्रीने सांगतो. संगतीने माणूस खरोखर बदलतो असे मानावयाचे आणि बदललेल्या माणसास मात्र ढोंगी म्हणावयाचे, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात?

आपल्यासारख्या वाचकांना हा प्रश्न दूरचा नाही. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्याबरोबर अठराव्या शतकात वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर येथे गेलेली घराणी आज तेथलीच झाली आहेत. त्यांच्या बोलण्यात गुजराती किंवा हिंदी वळण आले, सणावारांत नवे पदार्थ आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या उच्छेदातून वाचविण्यासाठी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि त्यांच्यामागून कुळावीही विखुरले. अशा कुटुंबांतून एक कुजबूज पिढ्यान्‌पिढ्या चालत असते: 'आपण पूर्वीचे राहिलो नाही.' या कुजबुजीत खंत असते आणि काही वेळा आरोपही असतो. तो आरोप कितपत खरा, याचा विचार करताना आपल्या देवघरातील एका धातूची साक्ष काढावी असे वाटते.

ताम्हण, पळी, पंचपात्री, अभिषेकपात्र ही सारी तांब्याची. चिंचेने किंवा आमसुलाने घासली की ती तांबूस लखलखतात. पावसाळ्याच्या दमट दिवसांत दुर्लक्ष झाले की त्यांवर हिरवट कळंक चढतो. दही तांब्याच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, म्हणून जाणती माणसे ते तेथे ठेवीत नाहीत. हे झाले धातूचे. त्याच तांब्याचा क्षार म्हणजे मोरचूद. आपल्या पोफळीच्या बागांत कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असे साधारण प्रमाण असते. मोरचुदाचा तो निळा रंग बागायतदारांच्या चांगलाच ओळखीचा आहे. हाच मोरचूद शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत घेऊन तापविला, तर त्याची निळाई जाऊन पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत, की निळाई परत येते. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया पुरेसा घातला, तर ते पाणी शाईसारखे गडद निळे होते. तांब्याचा दुसरा एक क्षार, क्लोराइड, पुष्कळ पाण्यात निळा दिसतो. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर पिवळट हिरवा होतो, आणि पुन्हा पाणी घालीत गेले की निळ्याकडे परततो.

आता यांपैकी तांब्याचा खरा रंग कोणता? 'निळा' असे उत्तर बहुतेक जण देतील. परंतु ती निळाई एकट्या तांब्याची नव्हे. मोरचुदाच्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू एका पातळीत बसलेले असतात, आणि वर-खाली गंधकाम्लाच्या क्षारातील ऑक्सिजन असतो. पाणी काढून घेतले की निळाई जाते. म्हणजे तिच्यात पाण्याचा वाटा आहे. पण पाणी स्वतः निळे नाही. तेव्हा ती एकट्या पाण्याचीही नव्हे. मग पांढरा हा तरी खरा म्हणावा काय? तोही नाही. पांढऱ्या भुकटीतील तांबेही किरण शोषीतच असते. फक्त ते शोषण आपल्या डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त भागाकडे सरकलेले असते. रंगाच्या या व्यवहारात अशा रीतीने पाहणारा डोळाही एक भागीदार आहे.

असे का होते, हे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. या क्षारांतील तांब्याच्या आयनात इलेक्ट्रॉनांचा जो सर्वांत बाहेरचा विशिष्ट गट असतो, त्यात जागा दहा आणि इलेक्ट्रॉन नऊ. आयन एकटा असता तर त्या दहाही जागा सारख्याच ऊर्जेच्या राहिल्या असत्या. भोवती दुसरे रेणू आले की त्या समान राहत नाहीत. काही वर चढतात, काही खाली राहतात. हांस बेथे यांनी 1929 साली या विचाराचा पाया घातला. खालचा इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या जागेवर उडी घेतो, आणि त्या उडीस लागणारी ऊर्जा प्रकाशातून घेतो. जो रंग असा घेतला जातो तो वजा होऊन उरलेला रंग आपण पाहतो. उडी केवढी, हे भोवतालच्या रेणूंवर अवलंबून असते. म्हणून भोवताल बदलला की रंग बदलतो.

येथे जस्ताची तुलना उद्‌बोधक आहे. आवर्त सारणीत जस्त तांब्याच्या अगदी शेजारी बसते. पण त्याच्या आयनात त्या दहाही जागा भरलेल्या असतात. उडी घेण्यास रिकामी जागाच नाही. जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवा अथवा अमोनियात, द्राव वर्णहीनच राहतो. तांब्याचाच जो दुसरा, दहाही जागा भरलेला आयन असतो, त्याचा अमोनियातील द्रावही वर्णहीन असतो. हवा लागून त्यातील एक इलेक्ट्रॉन गेला की मगच निळाई प्रकट होते. ज्याच्या ठायी काही उणे आहे त्यालाच संगतीचा रंग चढतो, आणि जो पुरता भरलेला आहे तो सर्वत्र सारखाच राहतो. संगतीने बदलणाऱ्यास आपण दुबळा म्हणतो, त्यापूर्वी या उणिवेचा विचार करावयास हवा. शिष्याच्या ठिकाणी ती नसेल तर गुरू काय करणार? जिज्ञासा, भक्ती, स्नेह या साऱ्यांच्या मुळाशी एक रिकामी जागा असते. ज्याच्यात ती नाही त्याचे स्थैर्य हा गुण असेलही. पण तो गुण त्याने कमावलेला नसतो.

विद्रावकाचे काम याहूनही स्पष्टपणे दाखविणारी तांब्याची काही जटिल संयुगे आहेत. जपानमधील कोझो सोने आणि युताका फुकुदा या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या संयुगांत तांब्याच्या आयनाला दोन मोठ्या रेणूंनी चार ठिकाणी, एका पातळीत, घट्ट धरलेले असते. वरची आणि खालची अशा दोन जागा मात्र मोकळ्या राहतात. संयुग ज्या द्रवात विरघळवावे, त्या द्रवाचे रेणू या दोन जागांकडे येतात. नायट्रोमिथेनसारख्या द्रवात, जो इलेक्ट्रॉन देण्यास फारसा राजी नसतो, त्या जागा जवळजवळ ओस राहतात आणि द्राव जांभळा दिसतो. अधिक देणाऱ्या द्रवांत तो निळ्याकडे झुकतो, आणि पिरिडीनमध्ये हिरवा होतो. व्हिएन्नाचे व्हिक्टर गुटमान यांनी 1960 च्या दशकात द्रवांच्या या दातृत्वाचे मापच ठरविले: नायट्रोमिथेन 2.7, ॲसिटोन 17.0, पाणी 18.0, पिरिडीन 33.1. हा आकडा जसजसा चढत जातो तसतसा द्रावाचा रंग जांभळ्याकडून हिरव्याकडे सरकत जातो. रंग पाहून, आपण ज्या द्रवात आहोत तो किती देणारा आहे, हेच जणू तांबे सांगते.

आपल्या दर्शनांना रंग बदलण्याचा प्रश्न नवा नाही. वेदान्तात स्फटिक आणि जास्वंद यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. जास्वंदीचे फूल जवळ ठेवले म्हणून स्वच्छ स्फटिक तांबडा दिसतो. फूल दूर केले की तांबडेपणा जातो. तो स्फटिकाचा नव्हताच, उपाधीमुळे भासत होता. आत्म्याविषयी हे सांगताना आचार्यांना जे अभिप्रेत होते त्यास येथे बाध येत नाही. पण आपण हा दृष्टांत आत्म्यावरून काढून नित्याच्या व्यवहारातील माणसावर बसवितो, आणि त्याच्यात दिसणारा प्रत्येक बदल वरवरचा, परका, खोटा समजतो, तेथे चूक होते. स्फटिक आणि फूल एकमेकांस काही देत-घेत नाहीत. तांबे आणि पाणी यांचे तसे नाही. तेथे बंध जडतो, अंतरे बदलतात, इलेक्ट्रॉनांची मांडणी हलते. तो रंग भास नव्हे. संबंधातून निर्माण झालेली ती खरी वस्तुस्थिती आहे.

याहून जवळचा विचार न्याय-वैशेषिकांनी केला. काळा कच्चा घट भट्टीत तांबडा होतो. तेव्हा नेमके काय बदलते? वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो की अग्नीने घट परमाणूंपर्यंत फुटतो, परमाणू तांबडे होतात, आणि त्यांचा नवा घट बनतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद सांगतो की घट न फुटता, आहे तसा, सबंधच बदलतो. म्हणून तर भट्टीतून निघालेल्या भांड्याकडे पाहून 'तोच हा घट' अशी ओळख पटते. या वादातला मूळ प्रश्न आपलाच आहे: बदल खरा मानला तर बदलणारा 'तोच' कसा राहिला?

तांब्यापुरते याचे उत्तर देता येते, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी द्यावे लागते. जांभळा द्राव आणि हिरवा द्राव यांत वरच्या-खालच्या दोन जागांचे पाहुणे बदलतात, पण चार घट्ट बंध शाबूत असतात. येथे रंग बदलला, घडण टिकली. त्याच संयुगात तीव्र आम्ल घातले तर मात्र तांब्याला धरून ठेवणारे रेणूच आम्लाच्या स्वाधीन होतात. ते चार बंध तुटतात आणि संयुग नाहीसे होते. हा रंगाचा फरक म्हणता येणार नाही. याच्याही पुढची पायरी म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडविणे: तेथे तांब्याच्या आयनाला लोखंडाकडून दोन इलेक्ट्रॉन मिळतात, त्याचे आयनपणच सरते, पाण्याची निळाई ओसरते, आणि खिळ्यावर तांबडा थर चढतो. तरीही मूलद्रव्य तांबेच राहते. म्हणून 'तोच का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या पायरीवरचा 'तोच', हे आधी ठरवावे लागते.

माणसाविषयी निवाडा करताना हा विवेक आपण क्वचितच पाळतो. भाषेचा सूर बदलला, पोशाख बदलला, ताटातला पदार्थ बदलला, की घडणच मोडली असे समजून हळहळतो. आणि कित्येकदा घडण खरोखरच मोडलेली असते, दिलेल्या शब्दाची चाड गेलेली असते, दुर्बळाविषयीची करुणा आटलेली असते, तेव्हा बाहेरचे रंग जुनेच आहेत एवढ्यावर समाधान मानतो. अंत्रुजातील देवळांकडे पाहावे. त्यांच्या घुमटांत आणि कमानींत पश्चिमेकडील वास्तुरीतीची छाया स्पष्ट आहे. ज्या सत्तेच्या छळामुळे देव नदीपार आले, तिच्याच बांधकामातील काही रूपे त्या देवांच्या मस्तकावर आली. म्हणून मंगेश कोणी दुसरा झाला काय? गाभाऱ्यातील देव, त्याचे नित्य पूजन, त्याच्याशी कुळावींचे नाते हे बंध टिकले. घुमट हा तेथल्या हवेचा रंग. तो लपविण्याचे कारण नाही आणि त्याची लाज बाळगण्याचेही नाही.

तथापि दृष्टांत कोठवर न्यावा याला मर्यादा आहे. तांब्याला विद्रावक निवडता येत नाही. माणसास, निदान जाणत्या वयात, काही अंशी तो निवडता येतो. म्हणून 'संगतीने बिघडलो' हे उत्तर बालकाच्या तोंडी जेवढे खरे ठरते तेवढे प्रौढाच्या तोंडी ठरत नाही. आपल्या दोन मोकळ्या जागांवर कोण येऊन बसतो याची जबाबदारी त्याच्यावर पूर्णपणे नसेल. पण चार बंध तुटत असताना तो त्या आम्लात का राहिला, हे त्याला विचारता येईल. आपल्या मंदिर-समाजात स्मार्त आहेत तसे माध्व वैष्णवही आहेत. जीवाची स्वरूपयोग्यता मूळचीच असते असे द्वैतमत मानते, आणि जीवाचे वेगळेपण उपाधीमुळे आहे असे अद्वैत म्हणते. तो वाद तांब्याच्या साक्षीने मिटणारा नाही. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या अनुयायांना व्यवहारात मान्य होण्याजोगी आहे: भोवताल काहीही असला तरी जस्ताला निळे करता येत नाही, आणि मूळ योग्यता असूनही पाण्यावाचून तांब्याची निळाई फुलत नाही. योग्यता आणि योग, दोन्ही लागतात.

आतापर्यंतचा विचार विरघळणाऱ्याच्या बाजूने झाला. परंतु नीतीच्या दृष्टीने अधिक जड बाजू विद्रावकाची आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कारण आपण स्वतःस नेहमी विरघळणारे समजतो, दुसऱ्याचा भोवताल समजत नाही. आपल्याकडे सून घरात आली की तिचे नाव बदलण्याची चाल होती आणि काही घरांत अजूनही आहे. तिने या घराचा रंग घ्यावा, अशी अपेक्षा धरली जाते. वर्ष-सहा महिन्यांत तो रंग चढला नाही, की 'मुलगी मनमिळाऊ नाही' असा शेरा मिळतो. पण द्रावाचा रंग द्रवाच्या दातृत्वानुसार ठरतो, हे आपण नुकतेच पाहिले. जो द्रव काही देत नाही, त्यात तांबे आपल्या जांभळ्या रंगातच राहते. तो तांब्याचा हट्ट नव्हे. त्या घराने तिच्या मोकळ्या जागांकडे काय नेले? विश्वास नेला की नुसत्या सूचना? हा प्रश्न शेरा मारण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. आणि दुसऱ्या टोकाला, काही घरे तिचे माहेरचे चारही बंध तोडू पाहतात आणि त्यालाच मिसळून जाणे म्हणतात. ते आम्लाचे काम झाले.

हाच निकष देवस्थानाच्या समितीस लावता येईल, शाळेस लावता येईल, आणि बाहेरून येऊन आपल्या गावात राहिलेल्या कुटुंबाकडे पाहणाऱ्या शेजाऱ्यांसही. 'तो आपल्यात मिसळत नाही' या तक्रारीत अर्धा हिशेब तक्रार करणाऱ्याचा असतो. वाममार्गास लागलेल्या तरुणाविषयी बोलतानाही 'त्याने अखेर रंग दाखविला' एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. त्याने दाखविलेल्या रंगात त्याच्या घडणीचा वाटा आहे, त्याच्या निवडीचा आहे, आणि ज्या भोवतालात तो वाढला त्याचाही आहे. त्या भोवतालात आपण होतो. यामुळे त्याचा अपराध कमी होत नाही. फक्त अपराधाच्या हिशेबात आणखी काही नावे चढतात.

आता त्या जुन्या म्हणीकडे पुन्हा पाहावे. वाण लागत नाही, गुण लागतो, असे ती म्हणते. बैलांविषयी ते खरेच आहे. द्रावातील तांब्याविषयी उलट म्हणावे लागेल: वाण लागला, पण मूळचा गुण सुटला नाही. माणसाला मात्र वाणही लागू शकतो आणि गुणही, आणि त्याच्या स्वतःच्या उणिवेतून दोहोंनाही वाट मिळते. म्हणून कोणाला परके अथवा आपले ठरविताना वाणावर नजर खिळवू नये. त्याचे कोणते बंध शाबूत आहेत ते पाहावे. आणि तो आपल्याजवळ असताना आपण त्याला काय दिले, याचा जमाखर्च आपल्याच मनाशी मांडावा. ताम्हणातील तीर्थ तळहातावर घेताना भांडे घासून लख्ख आहे की नाही हे आपण पाहतोच. त्याबरोबर भांडे आणि पाणी यांच्यामधील या देवघेवीचेही स्मरण राहिले, तर माणसांविषयीचे आपले पुष्कळ निवाडे आज आहेत त्याहून सौम्य होतील, आणि स्वतःविषयीचे थोडे कठोर.